केकला घाम फुटतो, त्याचं काय?

मे महिन्यात कोकणात मुंबईकर येतात, हापूस उतरतो, फणस पिकतो आणि हल्ली केकही येतो. मुलांना सुट्टी, सगळी भावंडं एका छपराखाली. त्यामुळे वर्षभर राहून गेलेले वाढदिवस, कुणाच्या लग्नाची पंचविशी, आजीची पंचाहत्तरी असं सगळं याच महिन्यात उरकून घेतलं जातं. पूर्वी अशा प्रसंगाला शिरा पुरायचा. आता दोन मजली केक लागतो, त्यावर साखरेची फुलं लागतात आणि फोटोसाठी तो संध्याकाळभर अंगणातल्या मांडवात उभा लागतो. जयगडात एका अंगाला शास्त्री नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये अशी हवा की पापडाचा डबा उघडा राहिला तर पापड नरम पडतात.

या हवेत सजवलेला केक टिकवायचा कसा, यावर आमच्या नात्यातल्या दोघांचं चांगलंच वाजलं. वहिनी घरून केक करून विकतात. त्यांचे दीर, म्हणजे भावजी, यांची उभी हयात बंदरावर मासळी आणि बर्फाच्या व्यवहारात गेली. नावं छापू नका असं दोघांनीही बजावलं, म्हणून ते एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात तेवढीच नाती इथे ठेवली आहेत. मी बाजूला बसून ऐकत होतो.

भावजी : वहिनी, रागावू नका, पण स्पष्ट बोलतो. क्रीमचा केक हा थंड मुलखातला पदार्थ. त्याला मे महिन्यात जयगडच्या अंगणात उभं करायचं म्हणजे त्याचेही हाल आणि आपलेही. बर्फातून काढलेलं पापलेट कोणी दोन तास टेबलावर शोभेला मांडून ठेवतं का?

वहिनी : पापलेटावर कोणी ‘हॅपी बर्थडे’ लिहीत नाही, भावजी. केक आधी बघायचा असतो, मग खायचा असतो. आणि जयगडचं ऊन म्हणजे काही नागपूरचं नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा 32-33 च्या आसपास. नागपुरात तो 45 ला पोचतो. तिथे काय वाढदिवस होत नाहीत?

भावजी : होतात की. पण तिथली हवा कोरडी. ओला पंचा दोरीवर टाकून चहा प्यायला बसलात तर चहा संपायच्या आत वाळतो. इथे सकाळी टाकलेला संध्याकाळी दमटच.

वहिनी : अहो, तेच तर सांगते आहे. मी उन्हाला भीत नाही, घामाला भिते. ऊन दिसतं, त्यापासून केक लपवता येतो. हवेतलं पाणी दिसत नाही आणि बोलावल्याशिवाय येतं.

वहिनींच्या या वाक्यात सगळ्या प्रश्नाचं मूळ आहे, म्हणून त्याचं गणित मांडून दाखवतो. हवा 32 अंशांची आणि आर्द्रता 70 टक्के असली, तर 26 अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रिजमधला केक असतो 4-5 अंशांवर. तो बाहेर काढल्यापासून त्याचा पृष्ठभाग 26 अंशांवर येईपर्यंत हवेतलं पाणी ओढत राहतो. वर फाँडंटचं आवरण असेल, म्हणजे मळलेल्या साखरेची पोळी, तर ती साखर त्या पाण्यात विरघळू लागते. आधी चकाकी येते, मग बोट चिकटतं, मग फुलांच्या पाकळ्या माना टाकतात, आणि लाल रंग असेल तर तो पांढऱ्यावर उतरतो. नागपुरात 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता धरली तर हीच दव धरण्याची रेघ 12 अंशांच्या आसपास येते. तिथेही केकला घाम फुटतो, पण थोडा, आणि लगेच सुकतो. म्हणजे जो फ्रिज तिकडे केक वाचवतो, तोच आपल्याकडे अर्धं नुकसान करून ठेवतो. नुसता ‘थंड ठेवा’ हा सल्ला जयगडात म्हणूनच अपुरा पडतो.

भावजी : मग फ्रिजमध्ये ठेवूच नका.

वहिनी : क्रीमचा असेल तर ठेवावाच लागतो. पण काढताना अक्कल लागते. घट्ट झाकणाच्या खोक्यात ठेवायचा, खोक्यासकट काढायचा, आणि खोकं लगेच उघडायचं नाही. घाम येतो तो खोक्याला बाहेरून. आतला केक कोरडाच राहतो. लोक काय करतात, फ्रिजमधून काढला की कौतुकाने झाकण उघडतात, सगळ्या घराला दाखवतात, पुन्हा आत ठेवतात. दर वेळी पाणी आत शिरतं. आणि फाँडंटचा केक, आत क्रीम नसेल, तर मी फ्रिजला दाखवतसुद्धा नाही. पंख्याखाली कोरड्या खोलीत, खोक्यात बंद.

भावजी : पंख्यावरून आठवलं. परवा त्या शेजारच्यांनी केकवर टेबलफॅन लावला होता.

वहिनी : लावला होता ना! आणि वर मलाच म्हणाले, वारा लागू दे, थंड राहील. पंखा माणसाला थंड करतो, कारण माणसाला घाम येतो आणि तो वाऱ्याने सुकतो. केकचा घाम आपला नव्हे, हवेतला आहे. पंखा म्हणजे त्याच्या अंगावर सारखी नवी गरम, ओली हवा आणून टाकायची. बर्फाच्या लादीवर पंखा सोडलात तर ती लवकर वितळेल की उशिरा?

भावजी : लवकर. यात काय विचारायचं? म्हणून तर लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतात.

कूलरचंही तेच. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांचा उपयोग होतो, कारण तिथल्या हवेला पाण्याची तहान असते. आपल्या हवेचं पोट आधीच भरलेलं. कूलर लावून आपण मांडवात आणखी ओल सोडतो. तुषार उडवणारे पंखे आता लग्नात भाड्याने मिळतात. ते केकपासून जितके लांब तितकं बरं.

भावजी : बरं, घाम बाजूला ठेवा. वितळण्याचं काय? परवाचा तो गुलाब डोळ्यांदेखत खाली बसला. आमच्या लहानपणीच्या केकवरचे गुलाबी गुलाब बसत नव्हते. रत्नागिरीहून एसटीने, मांडीवर खोका घेऊन आणले तरी तसेच ताठ.

वहिनी : कारण ते वनस्पती तुपाचे होते, भावजी! डालडा. त्याचा वितळण्याचा अंक 31 ते 41 या पट्ट्यात असतो. त्यात चांगला कडक घेतला की मे महिन्यात काही होत नसे. खाल्लं की टाळ्याला चिकटून राहायचं, आठवतं? तोंडातही वितळत नसे, मांडवात कुठून वितळणार! त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे हृदयाला धोका, म्हणून आता तेला-तुपातलं त्याचं प्रमाण 2022 पासून 2 टक्क्यांवर आणलं आहे. तुमच्या त्या ताठ गुलाबांची किंमत ती होती.

भावजी : म्हणजे जे टिकतं ते खाऊ नये आणि जे खावं ते टिकत नाही.

वहिनी : तसंच काही नाही. खोबरेलाची बाटली बघा ना. थंडीत पहाटे गोठते, एरवी पातळ. 24 अंशांच्या आसपास तिचं रूप पालटतं. प्रत्येक स्निग्ध पदार्थाची अशी एक रेघ असते. लोणी 20 नंतर मऊ पडायला लागतं आणि 32 ते 35 मध्ये पूर्ण वितळतं. चॉकलेटातलं कोको बटर 34 च्या सुमाराला. जिलेटिन 30-35 ला सुटतं. आता आपलं जयगडचं सावलीतलं तापमान किती म्हणालो आपण? 32-33. बरोबर त्या रेघेवर! म्हणून इथे एक-दोन अंशांनी सगळं बदलतं. झावळ्यांच्या मांडवाखाली उभा राहील तोच केक, ताडपत्रीखाली बसेल.

जयगडच्या मे महिन्यातल्या हवेचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. नागपूरकराला पर्यायच नसतो. उघड्यावर ठेवलं की वितळणार, हे पक्कं. आपल्याकडे ते अधांतरी असतं, आणि माणूस अधांतरी गोष्टींवरच जुगार खेळतो.

वहिनी : म्हणून मी मे महिन्यात कृतीच बदलते. नुसत्या लोण्याचं क्रीम घेतच नाही. चॉकलेटचं गनाश एरवी दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम असं करते. उन्हाळ्यात चॉकलेट अडीच-तीन भागांपर्यंत नेते. कडक होतं, पण धार सुटत नाही. त्याचा पातळ थर केकला आधी सगळीकडून द्यायचा, तो घट्ट झाला की वर सजावट. फळांचा थर बांधायला जिलेटिन नको, चायनाग्रास. ते एकदा घट्ट झालं की 85 अंशांपर्यंत हलत नाही. समुद्री शेवाळातूनच येतं, त्याला समुद्राच्या हवेचं काय! आणि ते दुकानातलं साधं फ्रेश क्रीम असतं ना, 25 टक्के फॅटचं, ते फेटत बसू नये. उभं राहायला 30-35 टक्के तरी फॅट हवं. त्याच्या नादी लागून किती बायकांनी मिक्सर जाळले असतील.

भावजी : फुलं?

वहिनी : फाँडंटची करायची तर त्यात थोडी सीएमसी पावडर घालून दोन-तीन दिवस आधी करून पूर्ण सुकवायची, आणि केकवर बसवायची अगदी शेवटी, मांडवात. गडद रंग नकोत. लाल आणि काळा हे दोन रंग मे महिन्यात मी घेतच नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

भावजी : त्यापेक्षा खरी फुलं लावा, अंगणात ढीग पडलेली असतात.

वहिनी : आणि कुठली लावू? चाफ्याला चीक, कण्हेर विषारी. फवारलेला गुलाब नको. जास्वंद चालते, पण दिवसभरात मिटते. सोपं वाटतं तेवढं नाही ते.

इथवर भावजी विरोधी पक्षात होते. बर्फाचा विषय निघाला आणि त्यांचा सूर बदलला. ज्याने आयुष्य बर्फ फोडण्यात घालवलं, त्याला कुणी बर्फ वापरताना चुकलं की राहवत नाही. केकच्या ताटाखाली परातीत बर्फ पसरून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर ते अक्षरशः तुटून पडले.

भावजी : बर्फ खाली आणि माल वर, हे कोणी शिकवलं? थंड हवा जड, ती खाली बसते. होडीच्या खणात मासळी भरताना खाली बर्फाचा थर असतो, बाजूने असतो, पण वर तर हवाच. वरचा बर्फ वितळत खाली येतो, गारवा घेऊन येतो. तुमच्या केकच्या बुडाशी बर्फ, आणि वितळतंय काय, तर माथ्यावरचा गुलाब! मध्ये तो स्पंज, त्यात नुसती हवेची भोकं. त्यातून गारवा वर चढणार कधी?

वहिनी : पण वरून बर्फ ठेवला तर पाणी ठिबकेल.

भावजी : सुटा कशाला ठेवता? बाटल्यांत पाणी भरून गोठवा, पाऊण बाटलीच भरा, नाहीतर फुटते. एक मोठी नवी आइसबॉक्स घ्या. नवी म्हणतोय, मासळीची नको, वास जात नाही. बाटल्या चारी बाजूंनी उभ्या करा, दोन झाकणाला आतून बांधा. मध्ये केक, तोही तुमच्या त्या बंद खोक्यात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढीत एक लिटर पाणी शून्यावरून 80 अंशांवर जाईल. एवढी ताकद आहे त्यात. फक्त झाकण उघडायचं नाही. आणि बाटलीतल्या पाण्यात मीठ घातलंत तर ते शून्याच्याही खाली गोठतं, पण मग घरच्या फ्रीझरला दम लागतो, तेव्हा ते राहू द्या.

वहिनी : कोणी म्हणतं ड्राय आइस आणा.

भावजी : उणे 78 अंश. हात भाजतो, आणि बंद गाडीत त्याचा वायू भरला तर माणूस गुदमरतो. चार गुलाबांसाठी कशाला नसती भानगड?

मग ते बर्फाच्या इतिहासात शिरले, आणि त्यांना थांबवणं आम्हा दोघांनाही जमलं नाही. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 साली गोठलेल्या तळ्यांतला बर्फ ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. निघताना 180 टन होता, पोचला तेव्हा सुमारे 100 टन उरला होता. शीतयंत्र नव्हतं, सगळी करामत लाकडाच्या भुशाची आणि घट्ट रचण्याची. पुढे मुंबईतही हा बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगितला जातो.

भावजी : भुशात गुंडाळलेला बर्फ अर्धी पृथ्वी ओलांडून आला, आणि तुमचा केक तवसाळहून जयगडला पोचेपर्यंत बसतो!

वहिनी : तो माझा नव्हता. गुहागरहून आणलेला होता. आणि तो केकमुळे नाही, गाडीमुळे बसला.

हा मुद्दा मात्र प्रत्येकाने कान देऊन ऐकण्यासारखा आहे. तवसाळ ते जयगड फेरीबोटीने खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण बोटीची वाट बघत गाडी जेट्टीवर उन्हात उभी राहते. इंजिन बंद, एसी बंद, माणसं खाली उतरून वारा खातात, आणि केक आत. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान 50 च्या पुढे सहज जातं. रत्नागिरीहून येणाऱ्या केकचं दुखणं वेगळं: घाटवळणं. केक सीटवर ठेवतात, सीट मागे उतरती असते, वळणावर वरचा मजला सरकतो. केकची गाडीतली जागा म्हणजे पुढच्या सीटसमोरची सपाट फरशी, खाली न घसरणारा रबरी तुकडा, आणि काचेवर पडदा. डिकीत तर कधीच नाही. दोन मजली असेल तर मजले वेगवेगळ्या खोक्यांत आणून मांडवात चढवावेत.

वहिनी : मांडवाचंही ऐका. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य आपल्या थेट डोक्यावरून जातो. भर दुपारी माणसाची सावली पायाखाली. त्यामुळे दुपारी जागा बघायला गेलं की सगळा मांडव सावलीत दिसतो. पण पाच वाजता ऊन समुद्राकडून तिरपं आत येतं आणि नेमकं टेबलावर पडतं. मी आता टेबल कुठे मांडायचं ते संध्याकाळी पाचला जाऊन ठरवते. पश्चिमेची बाजू झापांनी बंद करून घेते. अंगणात चिरे बसवलेले असतील तर दिवसभर तापलेला जांभा सूर्य मावळल्यावरही ऊब सोडत राहतो. तिथे दुपारीच पाणी मारून ठेवायला सांगते. केक यायच्या वेळी नको, तेव्हा ओल नको.

भावजी : एवढं सगळं करण्यापेक्षा केक घरात ठेवा आणि कापायच्या वेळी बाहेर आणा. मी म्हणत होतो ते हेच.

वहिनी : आणि लोकांनी तो बघायचा कधी? भावजी, त्या केकसाठी मी दोन रात्री जागते. ज्या मुलीसाठी केला, ती वर्षभर त्याचं चित्र काढून मला पाठवत असते. तो पंधरा मिनिटांत कापून वाटून टाकायचा असेल तर सजवायचा कशाला? नुसता स्पंज द्यावा. तुमच्या लेखी केक म्हणजे एक नाशवंत माल. माझ्या लेखी ते मखर आहे.

यावर भावजी गप्प झाले. मीही झालो. मखर महत्त्वाचं आहे हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग वहिनींनी एक तोडगा सांगितला आणि त्यावरून वाद पुन्हा पेटला. तोडगा असा: मांडवात उभा राहतो तो केक खोटा. आत पुठ्ठ्याचे किंवा लाकडी डबे, वरून अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचं कडक आयसिंग, त्यावर सुकवलेली फुलं. एका कोपऱ्यात कापण्यापुरता खरा तुकडा बसवलेला. पाहुण्यांना वाटायचा केक आत फ्रिजमध्ये, साधा, चौकोनी, आधीच तुकडे केलेला. मोठ्या लग्नांत हे सर्रास चालतं.

भावजी : म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा!

वहिनी : यात तमाशा कसला? मखरात गणपती मातीचा असतो आणि मोदक खरा असतो. कोणी फसवलं म्हणतं का?

भावजी : मखराचंच बोलायचं तर थर्माकोलची मखरं 2018 साली बंद झाली. म्हणून पुठ्ठा म्हणताय होय? ते ठीक. पण त्या मुलीला सांगणार का, की हा खोटा आहे?

वहिनी : तिला सांगते. आईवडिलांनाही सांगते. पाहुण्यांना सांगत नाही.

मला हा तोडगा हुशारीचा वाटतो, पण घरच्या वाढदिवसाला तो नको वाटतो. चारशे माणसांच्या स्वागतसमारंभात कोणाला काय कळतं! पंचवीस-तीस माणसांच्या अंगणात मात्र सुरी पुठ्ठ्यावर आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

भावजी : आता माझा तोडगा ऐका. केकच करू नका. बरक्या फणसाची सांदणं करा. तांदळाचा रवा, फणसाचा रस, गूळ, खोबरं. वाफवलं की झालं. थंडीची गरज नाही, वितळायला त्यात काही नाही. थाळ्यात लावा, एक थर फणसाचा, एक आंब्याचा. सोबत नारळाचा रस. मेणबत्ती लावायची हौस असेल तर लावा. तीही वाऱ्याने विझणारच.

वहिनी : सांदणं मीही करते, पण नारळाचा रस तासाभरात आंबतो ते विसरलात? आणि आठ वर्षांच्या मुलाला विचारा, सांदण कापू का केक.

भावजी : त्याला आपण विचारतो म्हणून तो केक म्हणतो.

हे एकदम पटण्यासारखं नसलं तरी भावजींच्या बोलण्यात तथ्य आहे. आपल्या किनाऱ्यावर केक आला तो क्रीम घेऊन आला नव्हता. तलश्शेरीच्या मंबळी बापू यांनी 1883 साली नाताळसाठी भाजलेला केक भारतातला पहिला नाताळचा केक मानला जातो; तो सुक्या मेव्याचा होता. इराण्याचा मावा केक, पुण्याहून येणारा साधा स्पंज, गोव्यातला रवा-खोबऱ्याचा बातिक, हे सगळे दमट आणि उष्ण हवेत बिनतक्रार टिकणारे. हवेने निवड करून ठेवली होती. फ्रिज आला आणि ती निवड आपण विसरलो. भावजींचं सांदण नको असेल, पण त्यांच्या आणि वहिनींच्या मध्ये एक जागा आहे, आणि ती वहिनींनीच, काहीशा अनिच्छेने, दाखवून दिली.

वहिनी : एक करते मी. मावा घातलेला जड केक, फेटलेलं क्रीम कुठेच नाही. वरून गनाशचा कडक थर. आणि फुलं आंबापोळीची. पातळ आंबापोळी लांब पट्ट्यांत कापायची आणि गुंडाळत न्यायची, गुलाब होतो. पानं मळलेल्या काजूच्या गोळ्याची, कतलीला करतो तसा. गुलाबाला चमक येते, पण बसत नाही. मांडवात दीड-दोन तास उभा राहतो.

भावजी : मग हाच का नाही देत सगळ्यांना?

वहिनी : कारण फोटोत तो पिवळा दिसतो आणि लोकांना गुलाबी हवा असतो.

शेवटचा खटका उडाला तो वेळेवरून. भावजींचं म्हणणं, क्रीमचा केक उघड्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवणं हा चवीचा प्रश्न नाहीच, पोटाचा आहे. त्यांचं बरोबर आहे. दूध, क्रीम, अंडी यांचे पदार्थ साधारण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासभरच, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. जयगडची मे महिन्यातली दुपार त्या दंडकाच्या कडक बाजूला पडते. केक रूपाने उभा आहे याचा अर्थ तो खाण्याजोगा आहे असा होत नाही. वहिनींनाही हे मान्य होतं. त्यांची तक्रार केकविषयी नव्हती, माणसांविषयी होती.

वहिनी : मी सांगते, सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, सव्वासातला केक बाहेर काढा, साडेसातला कापा. सगळे हो हो म्हणतात. मग सहालाच काढतात, कारण फोटोला उजेड हवा. आणि सातला कळतं की मोठे काका अजून निवळी फाट्याला आहेत, ते आल्याशिवाय कापायचा नाही. हायवेला ट्रॅफिक. केक तिथे उभा, काका तिकडे उभे. नऊला काका येतात आणि म्हणतात, केक जरा बसलाय का हो?

भावजी : काकांना बसवा आधी.

दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच वाक्यावर. माझं मत विचाराल तर सामानाच्या बाबतीत वहिनींचं ऐकावं आणि घड्याळाच्या बाबतीत भावजींचं. फोटो हवे असतील तर केक घरात, ओटीवर, खिडकीच्या उजेडात उभा करून काढा. तिथे ऊन नाही, तापलेला जांभा नाही आणि समुद्राचा वारा थेट लागत नाही. मांडवात तो कापण्यापुरता आणा.

आणि मे महिन्यात कोकणात कुणाकडे केक सांगणार असाल, तर त्यावर कुठलं कार्टून हवं हे सांगण्याआधी चार गोष्टी सांगा: तो घरात राहणार की अंगणात, अंगणात असेल तर पश्चिमेला आडोसा आहे का, घरातला फ्रिज त्या खोक्याएवढा आहे का, आणि किती वाजता कापणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या.